शेऱ्याचं नाक आणि फिनाईलची बादली

पुतण्याने पिकअप मागे घेत घेत पार घरापुढच्या सपरीला टेकवला, तेव्हा मी घरात शेवटचा झाडू मारत होते. सामान फार नव्हतं. एक पेटी, दोन गोधड्या, तांदळाचं पोतं, पाटा-वरवंटा आणि कुत्रा. गल्लीतल्या बाया रडायला जमल्या होत्या. मला रडू आलं नाही. बालाघाटला जायची हौस नव्हती आणि न जाण्याची जिद्दही नव्हती. म्हातारा गेला, घरात मी एकटी उरले, मुलगा म्हणाला चल, म्हणून चालले. माझ्या धाकट्या जावेने पदर डोळ्याला लावला आणि विचारलं, "बाई, सणासुदीले तरी याल ना?" मी म्हटलं, "आधी जाऊ त दे." ती रडता रडता हसली. मग मी पिकअपच्या मागच्या बाजूला तांदळाच्या पोत्यावर बसले आणि गाडी निघाली.

लांजीकडे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गठुडं बांधून मुलाच्या नाहीतर लेकीच्या दारी गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे बीड्या वळल्या, धानाची रोवणी केली, लेकरं वाढवली. तेव्हा मोठं काही सांगणार नाही. एका कुत्र्याचं सांगते, त्यात माझंही येईल.

निघण्याआधी मी नुसती धूत होते. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडची म्हातारी शहरातल्या सुनेकडे राहायला जाते तेव्हा सगळं धुऊन-घासून नेते. कोणी सांगत नाही, पण करतात सगळ्याच. सुनेने नाक मुरडू नये, शेजाऱ्यांनी म्हणू नये की बुढी खेड्याचा वास घेऊन आली. गोधड्या सोड्यात भिजवल्या. पेटी आतून पुसून उन्हात ठेवली. लुगडी दोनदोनदा धुतली. म्हाताऱ्याचं घोंगडं आणि कपडे आधीच देऊन झाले होते. कुत्र्याला, म्हणजे शेऱ्याला, हातपंपाखाली धरलं आणि साबण लावला. तो ज्या पोत्यावर झोपायचा ते पोतं मी खताच्या खड्ड्यात टाकलं. बालाघाटला नवीन देऊ, असं म्हटलं. तो खड्ड्याजवळ जाऊन बराच वेळ उभा राहिला. मी दगड दाखवला तेव्हा तिथून हलला.

शेऱ्या तांबडा, कान पडलेला, अगदी साधा गावठी कुत्रा. म्हाताऱ्याने त्याला राईस मिलच्या आवारातून पिशवीत घालून आणलं होतं. म्हातारा लांजीच्या मिलमध्ये कामाला. रोज सकाळी सायकलवर जायचा आणि संध्याकाळी अंगभर कोंडा घेऊन यायचा. तो यायच्या थोडा आधी शेऱ्या सपरीतून उठायचा, घरात जाऊन खुंटीखाली नाक लावायचा, म्हाताऱ्याच्या खाटेला नाक लावायचा आणि मग रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. थोड्या वेळाने सायकल दिसायची. सगळे म्हणायचे, याला सायकलच्या साखळीचा आवाज कळतो. पण एकदा सायकल पंक्चर म्हणून म्हातारा दुसऱ्याच्या मोटारसायकलवर आला, तरी शेऱ्या उभाच. मग म्हणू लागले, मुक्या जनावराचा जीव किती लागतो बघा. मी म्हणायचे, जीव-बिव काही नाही, त्याला भाताचं पातेलं लागतं.

एक दिवस मिलचा पट्टा तुटला आणि म्हातारा दुपारी घरी आला. जेवला, खाटेवर पडला, सदरा बदलून घामाचा सदरा खुंटीला टांगला आणि परत गेला. त्या संध्याकाळी शेऱ्या उठलाच नाही. म्हातारा अंगणात सायकल लावू लागला तरी हा पाय पसरून पडलेला. म्हाताऱ्याला राग आला. "आज काहून मेल्यासारखा पडला हा?" असं म्हणून त्याने चप्पल दाखवली. मी त्याचा काही विचार केला नाही. माझ्या मांडीवर सूप होतं आणि बीड्यांचं कट्टं बांधायचं राहिलं होतं.

सांगायचं हे की गावात शेऱ्याचा दिवस नाकाने चालायचा. चुलीचा धूर निघाला की तो उठायचा. मी सुपात तंबाखू ओतली की शिंकून बाहेर जायचा, कारण आता ही दिवस कलेपर्यंत जागची हलणार नाही हे त्याला कळायचं. मोहाचे दिवस आले की पहाटेच फुलं वेचायला निघालेल्या पोरींच्या मागे जंगलाच्या वाटेला लागायचा. फक्त सारवणाच्या दिवशी त्याचं बिनसायचं. शेणाने सारवलं की घरभर हुंगत फिरायचा, कुठे बसायचा नाही. जमीन वाळली, आमचे पाय तिच्यावरून फिरले, की दुसऱ्या दिवशी ठीक व्हायचा. हेही मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

पिकअप किरणापूरपर्यंत पोहोचेतो शेऱ्याने नाक फळीवर ठेवलं होतं. वारा सारखा नाकात घेत होता. किरणापूर गेलं आणि त्याने नाक आत घेतलं. मान खाली घालून माझ्या पायांशी आला. माझे पाय हुंगले. पायांनाही साबणच लावला होता मी.

बालाघाटचं घर चांगलं आहे. खोटं बोलणार नाही. वॉर्डातल्या गल्लीत आहे, पुढे लोखंडी गेट, खाली टाईल्स, नळ घरात. माझा मुलगा नरेश मॅंगनीजच्या खदानीत कामाला आहे, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. सून किरण एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. ती इथेच जन्मली. मराठी समजते, पण रागावली की हिंदीत जाते आणि थकली की हिंदीतच राहते. नात परी तर पूर्ण हिंदी. मला 'दादी' म्हणते. मी काही बोलले की आईकडे बघते, आई समजावून सांगते. शेऱ्याला तिने पहिल्याच दिवशी 'शेरू' केलं. मला कोणी नाव दिलं नाही, पण मीही काहीतरी दुसरीच झाले होते.

गावात मला बसायला वेळ मिळत नव्हता आणि इथे बसण्याशिवाय काही नव्हतं. कपडे मशीन धुते. भाजी दारावर येते. मी स्वयंपाकघरात गेले की किरण म्हणायची, "आई, आप बैठो." बसले की उठावंसं वाटायचं. गेटपर्यंत जायचं, परत यायचं. पलंगावर टेकायचं, परत उठायचं. तिकडे शेऱ्याचंही तेच. या खोलीतून त्या खोलीत, टाईल्सवर नखं वाजवत. परी म्हणाली, दादी और शेरू दोनों वॉक करते रहते हैं. खरंच होतं. दिवसभर आम्ही घराला फेऱ्या मारायचो आणि कुठेच पोहोचत नव्हतो.

किरणला स्वच्छतेची सवय आहे. दवाखान्यात काम करणारीला असणारच. रोज सकाळी निघायच्या आधी ती बादलीत फिनाईल टाकायची आणि दारापासून मागच्या मोरीपर्यंत पोछा मारायची. कुत्रा आल्यावर फिनाईल वाढलं. कपडे एकदा अंगावर चढले की मशीनमध्ये, मशीनमध्ये फुलांच्या वासाचं पाणी. शेऱ्याला मी नवीन पोतं दिलं होतं, तेही तिने दर काही दिवसांनी धुतलं. तिचं घर आहे, ती पुसते. मीही तर गावाहून सगळं धुऊनच आणलं होतं, तिच्यासाठीच.

पण शेऱ्याला घरात कोण आहे आणि कोण बाहेर गेलं हेच कळेना. नरेश पाळीवरून आला की भुके. परी शाळेतून आली की दचके. जेवण कमी झालं. गेटपाशी जाऊन कण्हायचा, गेट उघडलं तर बाहेर जायचा नाही. आणि किरण संध्याकाळी दवाखान्यातून आली की गुरगुरायचा. तिच्या अंगाला स्पिरिटचा आणि औषधांचा वास असतो, तो मलाही येतो. सकाळी पाठीवर हात फिरवू द्यायचा आणि संध्याकाळी त्याच बाईला दात दाखवायचा. एक दिवस ती हातात पिशव्या घेऊन घाईने आत आली आणि याने तिची पोटरी धरली. सलवार फाटली, रक्त आलं.

किरण ओरडली नाही. साबण लावून नळाखाली पाय धुतला, दवाखान्यात परत जाऊन सुई टोचून घेऊन आली. मग खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "आई, अब तक मैं कुछ नहीं बोली. अब इसको गाँव भेज दो. घरात लेकरू आहे."

चुकीचं काय होतं त्यात? काहीच नाही. नरेशने पुतण्याला फोन लावला. आठवड्याच्या शेवटी तो पिकअप घेऊन बालाघाटला येणारच होता, जाताना कुत्र्याला घेऊन जाईल असं ठरलं. तिकडे माझी जाऊ त्याला सांभाळेल. मी म्हटलं, "मंग दोघांची जागा ठेवजो म्हणा पिकअपमधी."

नरेश म्हणाला, "माय, तू काहून अशी करून राह्यली? कुत्र्यापायी घर सोडतं का कोणी?"

मी म्हटलं, "कुत्र्यापायी नाई. मले बी इथं बसवत नाई."

त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तो म्हाताऱ्यासारखा दिसत होता, खालचा ओठ दाबलेला. मी पिशवी भरायला घेतली. कुत्र्याला कोणासाठी ठेवायचं आणि मला कोणासाठी, हे दोन प्रश्न माझ्या डोक्यात एकच झाले होते. तो गेला तर मी थांबणार नव्हते. आणि गावात जाऊन काय करणार तेही ठरवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वॉर्डाची पाण्याची मोटर जळली. उन्हाळा कडक. टँकर यायचा, त्यावर भांडणं व्हायची. प्यायला आणि भात शिजवायला पुरेल एवढं पाणी मिळायचं. पोछा बंद, मशीन बंद. किरणला चैन पडेना. ओलं फडकं पिळून ओटा पुसायची आणि खाली बघून सुस्कारे टाकायची. घरात घालायचा गाऊन ती सकाळी दाराच्या मागच्या खुंटीला टांगायची आणि संध्याकाळी तोच घालायची. परीचे मोजे तिथेच. नरेशचा खदानीतला काळा झालेला सदरा तिथेच. मी म्हटलं, आता घर कसं घरासारखं दिसतंय. किरण म्हणाली, "कचराघर जैसा दिख रहा है."

आणि शेऱ्या फेऱ्या मारायचा थांबला.

आधी मी लक्ष दिलं नाही, उन्हाने मलूल झाला असेल असं वाटलं. मग पाहिलं तर सकाळी सगळे गेल्यावर तो खुंटीपाशी जायचा, गाऊन हुंगायचा आणि दारात पडायचा. दुपारी उठून परत हुंगायचा, परत पडायचा. ऊन उतरलं की आणखी एकदा हुंगायचा आणि गेटपाशी जाऊन उभा राहायचा. थोड्या वेळाने किरण यायची. अंगाला स्पिरिट तसंच, पण हा गुरगुरला नाही. शेपूट खाली धरून हलवलं, पोटरी हुंगली, जखमेची पट्टी हुंगली आणि मागे सरला. किरण गेटलाच थांबली होती, पिशवी पुढे धरून.

परीने सांगितलं, मम्मी, ये तो आपके आने के पहले से खड़ा है. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी किरण आली, चपला न काढता पायरीवर बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी तिला चहा दिला. ती म्हणाली, "आई, पाणी बंद झालं तसा हा शांत झाला."

"हौ, दिसते त तसंच."

"मी सकाळी पोछा मारून जात होते ना..." ती थांबली. मग हिंदीत गेली. "मैं जाते-जाते खुद को ही पोंछ के जाती थी. फिर शाम को इसके लिए कोई दूसरी ही औरत आती थी, स्पिरिट वाली."

तेव्हा मला ती मिलचा पट्टा तुटलेली दुपार आठवली. मी तिला सांगितलं, म्हातारा दुपारी येऊन गेला होता, घामाचा सदरा टांगून गेला होता आणि त्या दिवशी हा वेळेवर उठला नव्हता. किरणने कप खाली ठेवला. "मतलब, वास कमी होत होत एका मापावर आला, की याचा टाईम झाला? और उस दिन दोपहर में वास फिर भर गया?"

"तसंच असन," मी म्हटलं. आम्ही दोघींनी मिळून ते जुळवलं, एक तिचं टोक, एक माझं. तिच्या घरात आल्यापासून आम्ही दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

आणि मग दुसरंही आठवलं, तेही तिला सांगितलं. म्हातारा गेला तेव्हा आपल्या रिवाजाप्रमाणे त्याचं अंथरूण-पांघरूण बाहेर काढलं, कपडे देऊन टाकले, सगळं घर सारवलं, भिंतींना चुना लावला. त्यानंतर शेऱ्या सकाळपासून रस्त्यावर उभा राहायचा. उन्हात, पावसात, दिवसभर. सांत्वनाला आलेले लोक त्याला बघून डोळे पुसायचे. पाहा, मालकाची वाट पाहतो. मी म्हणायचे, वेडा झालाय. आता वाटतं, वेडाही नव्हता आणि वाटही पाहत नव्हता. म्हाताऱ्याचा वास कमी झाला की म्हातारा येतो, एवढंच त्याला माहीत होतं. आम्ही घर असं पुसलं की वास सकाळपासूनच संपलेला. म्हणजे त्याच्या हिशेबाने म्हातारा आत्ताच येणार. रोज, सगळा दिवस, आत्ताच येणार.

किरणने हे ऐकलं. उठून खुंटीवरचा गाऊन घातला.

ठरल्या दिवशी पुतण्या पिकअप घेऊन आला. हातात दोर. "मोठीमाय, कुत्रा कोठी हाय?" किरण आतून म्हणाली, "भैया, कुत्ता नहीं जाएगा." पुतण्याने दोर खांद्यावर टाकला. "मंग मी काय फालतूच आलो? गल्लीत गाडी घालता घालता आरसा गेला असता माहा."

मी माझी पिशवी उचलली. "फालतू कायले? मी हाये ना."

नरेश दारात आला. त्याला वाटलं होतं, कुत्रा राहिला म्हणजे माय राहिली. मलाही तसंच वाटायला पाहिजे होतं. पण पिशवी भरली होती आणि पाय निघाले होते. भरलेली पिशवी परत रिकामी करणं मला कधी जमलं नाही. किरणने विचारलं, "कब आओगी?" मी म्हटलं, बघू. या वेळी मी पुढच्या सीटवर बसले. शेऱ्या गेटच्या आत होता. तो भुकला नाही आणि मीही हाक मारली नाही.

आता गावातल्यांनो, पुढचं तुम्ही पाहिलंच आहे, पण तिकडे गेलेल्यांसाठी सांगते. पिकअपमधून उतरले आणि आपल्या गल्लीतली कुत्री माझ्यावर भुकली. ज्यांना मी वर्षानुवर्षं भाताची पेज टाकली तीच कुत्री. दात काढून, चार पावलं मागे राहून. मी नावाने हाका मारल्या तेव्हा गोंधळली, पण जवळ आली नाहीत. माझी जाऊ दारात पोट धरून हसत होती. "बाई, तुमच्या अंगाले फुलाचा वास येऊन राह्यला. त्यांले वाटलं कोणी मॅडम आली."

मी कुलूप उघडलं. घर उभं होतं, छप्पर नीट होतं. पण आत उंदरांचा आणि बंद हवेचा वास. चुलीत हात घातला तर राख दगडासारखी बसलेली. माझं नाक शेऱ्यासारखं नाही, पण तेवढं मलाही कळलं: इथे कोणी राहत नाही. मी लगेच सारवायला घेतलं, चूल पेटवली, जावेच्या सपरीत बसून बीड्या वळल्या. हात विसरले नव्हते. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी ऊन उतरलं की मी उठून रस्त्यावर जायचे आणि लांजीच्या दिशेला बघत उभी राहायचे. कोणाची वाट? मिलही तीच, रस्ताही तोच, येणारं कोणी नव्हतं. मग लक्षात यायचं की या वेळेला किरण घरी येते.

जाऊ एक दिवस म्हणाली, "तिकडं बसवत नाई म्हणून इकडं आल्या. आता इकडं बी तुमचा जीव लागत नाई. बाई, तुमी पिकअपमधीच घर करा ना." मी तिला म्हटलं, तुझ्या पोराला विचार, भाडं घेतो का. पण तिने बरोबर पाहिलं होतं. ती नेहमीच बरोबर पाहते, म्हणून तिचा राग येतो.

मी लांजीहून बस धरली. कोणाला फोन केला नाही. बालाघाटच्या स्टँडवर उतरले आणि ऑटो न करता चालत गेले, कारण ऑटोवाल्याला वॉर्ड हिंदीत समजावण्यापेक्षा चालणं सोपं. गल्लीतच फिनाईलचा वास आला. म्हणजे पाणी आलं होतं.

शेऱ्या गेटपाशी नव्हता. दारातल्या पोत्यावर झोपला होता. तुम्हाला ऐकायला आवडलं असतं की तो धावत आला, पण तसं झालं नाही. मी आत पाय टाकल्यावर उठला आणि मला हुंगायला लागला. पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. गावचं शेण, चुलीची राख, हाताची तंबाखू, बसमधली माणसं, सगळं एकेक करून वाचलं. मी उभी राहिले. किती वेळ ते नाही सांगत, पण गुडघे दुखायला लागले. मग तो परत पोत्यावर जाऊन पडला. पोतं धुतलेलं नव्हतं. पोत्याच्या भोवती हातभर जागेवर पोछाही मारलेला नव्हता, टाईल्सवर त्याची कड दिसत होती.

दाराच्या मागे बघते तर खुंटीवर माझं लुगडं. जाताना पलंगावर टाकून गेले होते ते, घामाचं, चुरगळलेलं. त्या घरात एकदा अंगावर घातलेलं कापड दुसरा दिवस बघत नाही. किरण स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मी लुगड्याकडे बघते आहे हे तिने पाहिलं.

"धुतलं नाई मी," ती म्हणाली. "पाणी त तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आलं. पण आई, ये रोज इसको सूंघता था. मुझे लगा, धो दिया तो... तो तुमच्यासाठी पण दिवसभर गेटवर उभा राहिला असता. बाबांसाठी राहायचा तसा."

मी म्हटलं, चहा ठेव. एवढंच बोलले. दुसरं काही बोलले असते तर चुकलं असतं.

तर आता असं आहे. किरण घर पुसते, पण दारातली ती हातभर जागा सोडून. खुंटीवर प्रत्येकाचं एक कापड राहतं, पाहुणे आले की मशीनमध्ये जातं, ते गेले की परत खुंटीवर. दवाखान्यातून आली की ती आधी शेऱ्यासमोर थांबते, त्याला हात हुंगू देते. नरेश म्हणतो, खदानीच्या गेटवर पण एवढी तपासणी होत नाही. परी शाळेत सगळ्यांना सांगते की आमचा शेरू टाईम सूंघता है.

राहिली मी. एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. शेऱ्या किरणसाठी गेटवर जायचा, परीसाठी जायचा, नरेशची पाळी बदलली की नवी पाळीही काही दिवसांत शिकायचा. माझ्यासाठी कधी गेला नाही. जाणार कसा? मी कुठे जातच नव्हते. दिवसभर घरातच फिरणारीचा वास कमी होत नाही, आणि जी जात नाही तिची वेळ होत नाही.

मागच्या गल्लीत एक बाई बीड्या वळते, गोंदियाकडची आहे. नरेशला ते पसंत नाही, लोक काय म्हणतील म्हणतो. मी म्हटलं, लोक म्हणतील बुढी बीड्या वळते, दुसरं काय? मी रोज दुपारी तिच्याकडे जाते. तिच्या ओसरीवर सूप मांडीवर घेते, आम्ही आपल्या बोलीत बोलतो, मधेच हिंदी घुसते. चैन पडते असं नाही. तिथे बसलं की वाटतं उठावं, घरी जावं. मला वाटतं हे आता जायचं नाही, माझ्यासोबतच संपेल. पण ऊन उतरल्यावर मी गल्ली वळते तेव्हा शेऱ्या गेटच्या आत उभा असतो. भुकत नाही, शेपूटही जोरात हलवत नाही. नुसता उभा. वेळ झाली एवढंच.

तुम्ही विचारता फोनवर, बाई, आता घर कोणतं? मला मोठं काही सांगता येत नाही. मी निघाले की जिथे माझा वास थोडा थोडा उडत जातो, आणि पुरता उडायच्या आत मी परत येते, तेच. गावच्या घरातला उडाला. सारवून, चूल पेटवून तो परत येत नाही, मी करून पाहिलं. इथला रोज भरावा लागतो, आणि भरण्यासाठी आधी बाहेर पडावं लागतं.

दुपार झाली. लुगडं बदलून जुनं खुंटीला टांगते आणि निघते.